बालगृह सरकारचं की संस्थेचं? पैसे कोण देतं, कशाचे देतं आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होतो

आमच्या शेजारच्या काकूंना नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला एका बालगृहात जेवण द्यायचं होतं. फोन केला तर तिकडून सांगितलं, की जेवणाच्या तारखा दोन महिने भरलेल्या आहेत, त्यापेक्षा तेल, तांदूळ, अंगाचे साबण दिलेत तर फार मदत होईल, अनुदान अजून आलेलं नाही. काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते सरकारी आहे ना? मग साबण आपण का द्यायचा? आणि सरकारी नसेल तर पोलीस सापडलेलं मूल त्यांच्याकडे कसं काय देतात?"

दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत. टीव्हीवर कुठल्यातरी बालगृहाची वाईट बातमी आली की आपण दोन दिवस हळहळतो, पण ही व्यवस्था मुळात कशी चालते हे बहुतेकांना माहीतच नसतं. माझी मावशी एका बालगृहात बरीच वर्षं काळजीवाहक होती, तिच्यामुळे मला यातलं थोडं लहानपणापासून कानावर पडत आलंय, बाकीचं मी नंतर वाचून समजून घेतलं. तेच इथे सोपं करून सांगते.

मूल तिथे पोचतं कसं

समजा कल्याण स्टेशनवर आठ वर्षांची एक मुलगी एकटी सापडली. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की तिला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असायलाच हवी, आणि या पाच जणांच्या खंडपीठाला मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात. समिती मुलीशी बोलते, तिच्या घरची चौकशी करायला सांगते, ती १५ दिवसांत व्हावी आणि शेवटचा निर्णय चार महिन्यांत व्हावा असं कायद्यात आहे. तोपर्यंत तिला कुठे ठेवायचं याचा लेखी आदेश समिती देते, आणि त्या आदेशावर ती मुलगी बालगृहात जाते.

हा आदेश नीट समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. त्यानंतर आईवडील जरी दारात आले तरी संस्था परस्पर मूल देऊ शकत नाही, समितीपुढे जावं लागतं. म्हणजे मुलाला एका जागी ठेवण्याची सत्ता ही सरकारची सत्ता आहे, आणि ती वापरून सरकार मूल ज्यांच्या हातात देतं ते मात्र बहुतेक वेळा सरकार नसतं.

मग चालवतं कोण?

कायद्याच्या कलम ५० मध्ये लिहिलंय की राज्य सरकारने बालगृहं स्वतः चालवावीत किंवा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवावीत. वाचताना ते 'किंवा' छोटं वाटतं. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या अशा संस्थांची मोजदाद केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, त्यात ९,५८९ संस्था निघाल्या आणि त्यातल्या ९१ टक्के खाजगी किंवा स्वयंसेवी होत्या. सरकारी उरल्या ९ टक्के. साधारण पावणेचार लाख मुलं तेव्हा या सगळ्या घरांमध्ये राहत होती.

हे असं का झालं, तर आपल्याकडे या कामात सरकारच्या आधी माणसं आली. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली. पंढरपूरचा प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ चा. मुंबईचा बालकांसाठीचा कायदा आला १९२४ मध्ये, आणि मुलांना ठेवायला डोंगरीसारखी गृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली १९२७ मध्ये, आणि तीसुद्धा सोसायटीच. म्हणजे आधी संस्था, मग कायदा, मग सरकारचे पैसे असा क्रम आहे, सरकारने आपलं चालू काम काढून खाजगी लोकांना दिलं असा नाही. काकू ज्याला 'सरकारी' म्हणत होत्या ती सरकारमान्य संस्था होती, आणि या दोन शब्दांत खूप फरक आहे. (आश्रमशाळा यात येत नाहीत, त्यांचा कारभार वेगळा.)

मान्यतेचंही सांगते. सरकारचा एक रुपया घेत असो वा नसो, निराधार मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला कलम ४१ खाली नोंदणी करावीच लागते, ती पाच वर्षं चालते, मग नूतनीकरण. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. आता वर सांगितलेल्या मोजदादीत जेमतेम एक तृतीयांश संस्थांची या कायद्याखाली नोंदणी होती. सुप्रीम कोर्टाने मे २०१७ मध्ये सगळ्यांची नोंदणी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पूर्ण करा असा आदेश दिला, तेव्हा कुठे धावपळ झाली.

अनुदान म्हणजे कंत्राटच का?

मुंबईकरांना हे पटकन कळेल. बेस्टच्या बऱ्याच बसवर नाव बेस्टचं असतं, नंबर बेस्टचा, तिकीट बेस्टचं, पण गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदाराला पैसे किलोमीटरमागे मिळतात. बालगृहाचंही तसंच आहे, मूल सरकारच्या जबाबदारीवर, इमारत आणि माणसं संस्थेची, आणि पैसे मुलामागे मिळतात. फरक एवढाच की बसमधला माणूस वैतागला तर पुढच्या स्टॉपला उतरतो, डेपोत तक्रार करतो, मत देताना आठवण ठेवतो. मुलीला उतरता येत नाही. तिला मतही नाही आणि बहुतेक वेळा तिच्या वतीने भांडायला घरचं कोणी नाही. म्हणून बाकी कुठल्याही कंत्राटात गिऱ्हाईक जी देखरेख आपोआप करतं ती इथे मुद्दाम उभी करावी लागते.

कागदावर याला कंत्राट म्हणत नाहीत, अनुदान म्हणतात. टेंडर निघून सगळ्यात स्वस्त बोली लावणाऱ्याला काम गेलं असं होत नाही, आणि ते बरंच आहे. मुलांच्या कामात टेंडर आलं की काय होतं ते आपण अंगणवाडीच्या आहारात पाहिलंय. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या. तरी आपल्या राज्यात टेंडरच्या अटी अशा लागल्या की गावातला साधा बचत गट त्यात बसूच शकत नव्हता. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६,३०० कोटींची ती कंत्राटं रद्द केली. नाव बायकांच्या गटांचं आणि फायदा मोठ्यांचा, हे मला आजही चीड आणतं, कारण त्या पाकिटातला आहार सहा महिन्यांच्या बाळांसाठी असतो.

पैशाचं मीटर कशावर चालतं

आता मुख्य गोष्ट. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत संस्थेतल्या प्रत्येक मुलामागे महिन्याला ३,००० रुपये परिपोषण अनुदान धरलंय, आधी ते २,१६० होतं. परिपोषण म्हणजे जेवण, कपडे, तेल, साबण, अंथरूण असं सगळं. दिवसाला शंभर रुपये. तुमच्या घरात आठवीतला मुलगा असेल तर हिशोब तुम्हीच करा. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भाग वेगळा धरलेला असतो, पण रोजचा संसार या शंभरात.

रक्कम कमी आहे हे कोणालाही कळतं. मला त्याहून जास्त खटकतं ते हे, की पैसे खाटेवर झोपलेल्या मुलाचे मिळतात. समजा ५० मुलांची मान्यता आहे आणि ५० मुलं आहेत, तर महिन्याचे दीड लाख. आता संस्थेने मनापासून काम केलं, मुलांची घरं शोधली, आईचं समुपदेशन केलं, काकाला तयार केलं, आणि बारा मुलं आपापल्या घरी गेली. हे उत्तम काम झालं. पण अनुदान ३६ हजारांनी कमी. स्वयंपाकीण तीच, लाइट बिल तेच, भाडं तेच. म्हणजे काम चांगलं केलं की खिसा रिकामा. रिक्षाचं मीटर जसं गाडी फिरत राहिली की पडत राहतं तसं हे मीटर मूल आत राहिलं की पडतं, आणि सगळ्यात जवळचा रस्ता शोधणाऱ्याला काहीच जास्त मिळत नाही.

मावशी सांगायची, जून आला की संस्थेत खेड्यापाड्यांतून आया यायच्या, नवरा गेलेला किंवा सोडून गेलेला, हातावर पोट, "ताई, पोराला दोन वर्षं ठेवून घ्या, शाळा तरी होईल". बालगृहातली सगळी मुलं अनाथ असतात असं आपल्याला वाटतं ते खरं नाही, खूप मुलांना आई किंवा वडील आहेत, घरी नाही ते फक्त पैसे. अशा वेळी आईची गरज आणि संस्थेची रिकामी खाट यांची गाठ पडते. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, आई प्रेमानेच आलेली असते, अधीक्षकही दयेनेच ठेवून घेतात, पण सात वर्षांचं मूल आईपासून तुटतं ते तुटतंच. रात्री गोधडी तोंडावर घेऊन रडणारी मुलं मावशीने इतकी पाहिलीत की घरी जेवताना मधेच गप्प व्हायची.

आणि हेच शंभर रुपये वेळेवर येत नाहीत

अनुदान हप्त्यांनी येतं, आणि आधीच्या पैशांचा हिशोब, तपासणी अहवाल, वरची मंजुरी, तिजोरीतली तरतूद एवढं सगळं जुळलं की येतं. तोवर किराणावाल्याची उधारी. उशीर झाला की संस्था कशी तगते? एक तर तिच्याकडे देणगीदार असतात, शहराजवळ असते, नाव मोठं असतं. नाहीतर ती भाजीत पाणी वाढवते, दोन काळजीवाहकांचं काम एकीवर टाकते, नाहीतर हजेरीपटावर नसलेली मुलं दाखवते. लहान गावातली प्रामाणिक पण गरीब संस्था या मधल्या फटीत मरते, आणि ती बंद पडल्याची बातमी कधीच होत नाही. उशिरा पैसे देणारी व्यवस्था चांगल्यांना हळूहळू बाहेर काढते असं माझं स्पष्ट मत आहे.

लक्ष कोणीच ठेवत नाही का?

ठेवतात, कागदावर तर भरपूर. बालकल्याण समितीने महिन्यातून निदान दोनदा मुलांच्या गृहांना भेट द्यायची. जिल्ह्याच्या तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी यायचं, किमान तीन माणसं, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर. शिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्ष, शिवाय मुलांची स्वतःची समिती, शिवाय तक्रारपेटी.

तरी मुझफ्फरपूर घडलं. बिहारमधलं ते मुलींचं गृह एक संस्था सरकारी पैशावर चालवत होती, भेटी होत होत्या, रजिस्टरवर सह्या होत्या. मग मुंबईच्या टिसमधल्या, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या 'कोशिश' या गटाने राज्यभरातल्या ११० संस्थांचं सोशल ऑडिट केलं. सोशल ऑडिट म्हणजे हिशोबाच्या वह्यांऐवजी तिथे राहणाऱ्यांना नीट विचारून केलेली तपासणी. ते मुलींजवळ बसले, त्यांचं ऐकून घेतलं. २०१८ मध्ये त्यांनी अहवाल दिला तेव्हा कळलं की आत मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते, आणि १७ संस्थांबद्दल त्यांनी गंभीर इशारा दिला होता. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यात संस्था चालवणारा तर होताच, पण बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष, समितीचा एक सदस्य आणि जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारीही होते.

म्हणजे ज्यांनी मुलींना तिथे पाठवायचं आणि ज्यांनी पाहणी करायची तेच त्यात सामील होते. बाहेरून, ज्यांचा त्या जिल्ह्याशी काही संबंध नाही अशी माणसं आली, तेव्हा उलगडलं. कायद्यात स्वतंत्र मूल्यमापनाची सोय आहे, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सोशल ऑडिटवर जोर दिला होता, पण ते दर वर्षी, प्रत्येक संस्थेत, बाहेरच्या माणसांकडून आणि निकाल सगळ्यांना वाचता येईल असा होत नाही तोवर तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकाच्याच ड्रॉवरमध्ये राहणार.

मग सरकारनेच सगळं चालवावं ना?

हे बरेच जण म्हणतात आणि मलाही रागाच्या भरात तसंच वाटतं. पण सरकारी गृहातही अधीक्षकाची बदली होते, पदं रिकामी राहतात, कर्मचारी कंत्राटावर असतात, म्हणजे पाटी सरकारी झाली तरी मुलाजवळ रात्री झोपणारी बाई कायमची असेलच असं नाही. आणि सरकारचं गृह सरकारचाच माणूस तपासणार, तिथे झाकपाक आणखी सोपी. चांगली संस्था सरकारला जमणार नाही असं काही करते, मावशीच्या संस्थेत लग्न झालेल्या मुली माहेरपणाला यायच्या, अधीक्षकबाई त्यांची ओटी भरायच्या. ते कुठल्याच शासन निर्णयात बसत नाही.

पैसे वाढवले की प्रश्न सुटेल का?

वाढवायलाच हवेत, वेळेवर द्यायला हवेत, त्यात दुमत नाही. पण नुसते वाढवून काय होतं ते इंग्लंडकडे बघा. तिथे बालगृहांतल्या तीन चतुर्थांशाहून जास्त जागा खाजगी कंपन्यांकडे आहेत, आणि तिथल्या स्पर्धा आयोगाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की मोठ्या कंपन्यांचा नफा सरासरी २२.६ टक्के होता आणि एका मुलाचा आठवड्याचा दर ३,८३० पौंडांवर गेला होता. सरकारकडे स्वतःच्या जागा उरल्या नाहीत, मूल तर आज रात्री कुठेतरी ठेवायचंच, मग समोरचा सांगेल तो भाव. घरं जिथे जागा स्वस्त तिथे उघडली, त्यामुळे मुलं आपल्या शाळेपासून, भावंडांपासून लांब गेली. वेल्सने तर २०२५ मध्ये कायदा करून या कामातला नफा टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. आपल्याकडे दर इतका कमी की प्रामाणिक माणूस टिकत नाही, तिकडे इतका जास्त की गुंतवणूकदार आले, आणि दोन्हीकडे पैसे मोजले जातात ते मूल किती दिवस ठेवलं यावरच.

मग कशाचे पैसे द्यायचे?

याचं थोडं उत्तर आपल्याच राज्यात आहे, बालसंगोपन योजना. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे. यात मूल संस्थेत न जाता आईकडे, आजीकडे, काकांकडे राहतं आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात, २०२३ पर्यंत ते १,१०० होते. कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या किती घरांना या योजनेचा आधार झाला. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही घरी राहणाऱ्या मुलासाठी महिन्याला ४,००० आहेत. जूनमध्ये संस्थेच्या दारात आलेल्या त्या आईला हे पैसे आधीच आणि वेळेवर मिळाले असते तर ती पोराला ठेवायला आलीच नसती.

आणि इथेही संस्था आहेतच, घरी जाऊन मूल शाळेत जातं का, नीट खातं का हे बघायचं काम त्या करतात. त्यासाठी संस्थेला मुलामागे महिन्याला २५० रुपये. मूल खाटेवर ठेवलं तर ३,०००, घरी टिकवलं तर २५०. खर्च वेगळे आहेत हे मान्य, घरी राहणाऱ्याचं जेवण संस्थेला द्यावं लागत नाही. पण त्या अडीचशेत एसटीने तालुक्याच्या चार वस्त्यांवर फिरणारी, आईशी तासभर बोलणारी शिकलेली कार्यकर्ती कशी परवडणार? माझ्या मते पैसा इथे टाकायला हवा. ठराविक रक्कम इमारत आणि माणसांसाठी, खाटा भरोत न भरोत, आणि वेगळी रक्कम मूल घरी परतल्यावर वर्षभर त्याच्या मागे राहण्यासाठी.

हात मात्र जपून लावायला हवा. नुसतं 'घरी पाठवाल तर बक्षीस' असं केलं तर दारुड्या बापाच्या घरी मूल ढकलून पावती फाडली जाईल. म्हणून वर्षभर, आणि कोणीतरी तिसऱ्याने जाऊन बघितल्यावरच.

म्हणजे खाजगी संस्थांना हळूहळू बाहेर काढायचं का?

एका बाबतीत तसं झालंय. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर मुंबईतच, १९९६ मध्ये टिसमधून सुरू झाला, पुढे देशभर शेकडो स्वयंसेवी संस्थांनी तो चालवला, रस्त्यावरच्या पोराला ताईदादांची नावं माहीत असायची. २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांकडे गेला आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडला. पोलीस लवकर पोचतील हा फायदा खरा आहे. पण घरातून पळालेलं मूल पोलिसांना घाबरतं, त्याला आधी शांतपणे बोलणारं माणूस लागतं, आणि तो वर्षानुवर्षांचा अनुभव ज्यांच्याकडे होता ते कार्यकर्ते बाजूला झाले. चांगलं काय आणि वाईट काय हे संस्था खाजगी की सरकारी यावरून ठरवता येत नाही, फोन उचलणारी कोण आहे आणि तिला किती वेळ दिलाय यावरून कळतं.

काकूंना मी काय सांगितलं

साबण द्या, नक्की द्या. पण देताना आत जा, ऑफिसमध्ये नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्याची तारीख बघा, पाच वर्षं उलटली असतील तर विचारा. मुलांबरोबर फोटो काढू नका, कायद्याने त्यांची ओळख उघड करायची नसते. रात्री मुलींजवळ कोण असतं ते विचारा. आणि अधीक्षकांना विचारा, गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली आणि ती आता कशी आहेत.

काकू रविवारी जाऊन आल्या. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बाईंनी पटकन दिली. शेवटच्या प्रश्नाला त्या थोडा वेळ थांबल्या, मग कपाटातून एक जाड वही काढली, म्हणाल्या, "सरकारने हे आम्हाला कधी विचारलंच नाही, पण मी लिहून ठेवते." एकोणीस नावं होती, प्रत्येकापुढे गाव आणि शेवटचा फोन कधी केला त्याची तारीख.